चौथं गाणं

आमच्या बॅण्डचा नवा अल्बम आल्याची बातमी वकिलाने मला फोनवर दिली, ती पक्षकाराला केस हरल्याचं सांगतात त्या आवाजात. "आला," तो म्हणाला. "पण सगळं एकत्र केलंय म्हणे. क्लबातलं, चर्चमधलं, रॅप, अरबी फिडल, पाच-सहा देशांतले गायक बोलावलेत." मग जरा थांबून म्हणाला, "म्हातारे झाले गं."

आमचा बॅण्ड म्हणजे उत्तर इंग्लंडमधली चार माणसं. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम आणि सगळ्या जगावर राग. ठाण्याच्या कॉलेजात असताना त्यांची पहिली कॅसेट आमच्या हाती लागली आणि त्यांचा राग आम्हाला इतका पटला की तेव्हापासून ते आमचे झाले. त्यांना ह्याची कल्पना नाही. आता त्या चौघांचे केस गेलेत, आमचेही विरळ झालेत, आणि राग फक्त माझ्यातच शिल्लक आहे असं वकील म्हणतो.

आम्ही म्हणजे तिघं. वकील नौपाड्यातला. ठाण्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करतो आणि कोर्टाबाहेर आल्यावरही ती थांबवत नाही. मी डोंबिवलीची. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड तपासते. गिऱ्हाईकाने मागितलेला पिवळा आणि आपण बनवलेला पिवळा ह्यांत केसाएवढा फरक दिसला तरी सगळा माल अडवून ठेवायचा, हे माझं काम. ही सवय घरी आल्यावर उतरत नाही, त्यामुळे मी लोकांना फार वेळ आवडत नाही. तिसरा आमचा मित्र, विठ्ठलवाडीचा. त्याचे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, तो कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रम वाजवायचा आणि पुढे वीज कंपनीत लागला. बोलायला कमी, ऐकायला पक्का.

आमच्यात एक पद्धत आहे. तिला आम्ही नुसतं 'ऐकणं' म्हणतो. नवा अल्बम आला की तो एकट्याने ऐकायचा नाही. मित्राकडे मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, म्हणून रविवारी दुपारी त्याच्या घरी जमायचं. कॅसेटचं कव्हर पालथं ठेवायचं. हा नियम वकिलापायी करावा लागला, कारण तो गाणं सुरू होण्याआधीच कव्हरवरचं नाव वाचायचा आणि नावावरून निकाल द्यायचा. तेव्हा कव्हर पालथं, नावं वाचायची नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचं, मधे चकार शब्द काढायचा नाही. चहा हवा असेल तर कप वर करायचा. संपल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट बोलायची, पण खरी. ह्या खरेपणापायी वकील आणि मी एकदा महिनोन् महिने अबोला धरला होता, पण नियम मोडला नाही. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडीचं कव्हरही पालथंच राहिलं.

मित्राच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आमचा बॅण्ड मुळीच आवडायचा नाही. त्या कल्याणला महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. दिवसभर वर्गात पोरांचा दंगा ऐकून घरी आल्यावर पुन्हा विकत आणलेला दंगा कशाला ऐकायचा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. ऐकण्याच्या दिवशी त्या चहाचं मोठं पातेलं भरून ठेवायच्या, आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या, आणि शेवटचं गाणं संपलं की दार उघडून सुकटीची चटणी आणि गरम भाकरी घेऊन बाहेर यायच्या. "झालं का त्या गोऱ्यांचं ओरडून?" असं विचारायच्या. मग माझ्याकडे बघून, "ताई, तुम्ही तरी शहाण्या दिसता हो. ह्या दोघांच्या नादी कशा लागलात?" घरी अंड्यालाही न शिवणारा वकील सुकटीवर असा तुटून पडायचा की वहिनी त्याचा वाटा वेगळाच काढून ठेवायच्या.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. कॅन्सर होता. ठाण्याला केमोला जायच्या तेव्हा मित्र रजा टाकून सोबत असायचा, आणि आपण सगळे बोलतो तसंच तोही बोलायचा, की आता बरी होईल, रिपोर्ट चांगले आहेत. त्या गेल्यावर मात्र तो बोलायचाच थांबला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात शाळेतल्या बायका बोलल्या, शेजारी बोलले, बंगळूरहून आलेला मुलगा बोलला. मित्र हात जोडून बसून राहिला. दोन शब्द बोला म्हणून बौद्धाचार्यांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली.

त्यानंतर आम्ही त्याच्याकडे गेलो तर दोन्ही स्पीकरवर चादर घातलेली. अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. "गाणं नको वाटतं," तो म्हणाला. मला राहवलं नाही, मी विचारलं का. "शेवटचं गाणं संपलं की ती दार उघडायची ना," तो म्हणाला. "आता संपल्यावर मी काय करू?"

परतताना रिक्षात मला भीती वाटली होती. ज्या माणसाला गाण्याशिवाय करमत नव्हतं त्याने गाणं बंद केलं, की मग तो आणखी काय काय बंद करेल ह्याची. जेवायचा जेमतेम. मुलगा बंगळूरला चला म्हणायचा तर हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. अशा माणसाला कुठून धरायचं तेच कळत नाही.

म्हणून नवा अल्बम आला तेव्हा वकिलाने त्याला बजावलं, "ऐकणं तिघांचं आहे. तू नसशील तर हा अल्बम आम्हीही जन्मात ऐकणार नाही." मित्राने टाळाटाळ केली, पाहुणे आहेत म्हणाला, अंग दुखतंय म्हणाला. शेवटी एका रविवारी कबूल झाला. "पण एकदाच," तो म्हणाला.

आता पंचाईत अशी की ह्या अल्बमची सीडी इथे कुठे मिळेना. फोनवरच ऐकायचा होता. माझा फोन कायम भरलेला, नवीन काही घ्यायचं म्हटलं की जागा नाही म्हणतो. वकिलाचा फोन रविवारीही पक्षकारांचा. मित्राचा बटणांचा. तेव्हा मित्राने कपाटातून वहिनींचा फोन काढला. शाळेच्या गॅदरिंगचे नाच बसवताना गाणी शोधायला म्हणून वहिनींनी त्यात गाण्यांचं अ‍ॅप घेतलेलं होतं. मित्र तो फोन अजून रोज चार्ज करायचा. "हाच बरा," वकील म्हणाला, "ह्याच्यावर मधे कोणाचा फोन नाही येणार." बोलल्यावर त्याने जीभ चावली. मित्र म्हणाला, "खरंय तुझं."

मी चादरी काढल्या. मित्राने वायर जोडली. अल्बम सापडला तसा वकिलाने बटण दाबलं आणि फोन अ‍ॅम्प्लिफायरवर पालथा घातला. पद्धत म्हणजे पद्धत.

पहिलं गाणं गिटारवर सुरू झालं आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्यात असा काही ठोका लागला की आमच्या गल्लीत कुणाची तरी हळद आहे असं वाटावं. तिसऱ्यात चर्चमधल्या बायका. मधे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची जाहिरात झाली, ती संपेपर्यंत वकील डोळे मिटून बसला. फुकटात ऐकायचं तर एवढं सोसायला हवं, अशी आमची समजूत होती. आणि मग चौथं गाणं लागलं.

त्यात गिटार नव्हती. ड्रम नव्हता. एका बाईचा खालच्या पट्टीतला आवाज, मागे पेटीसारखं काहीतरी, आणि हाताने वाजवायचं एक चामडी वाद्य, सावकाश. भाषा कुठली ते कळेना. इंग्रजी नव्हती एवढं नक्की. ती बाई कुणाला ऐकवायला गात नव्हती. हातातलं काम चालू असताना माणूस स्वतःशी गातं तसं ते होतं. आमच्या बॅण्डच्या चौघांना हे कधी सुचलं, मला कळेना. पाच-सहा देशांतले गायक बोलावलेत हे वकिलाने सांगितलेलं होतंच.

मी मित्राकडे पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं चालत होती, ढोलकीवर चालतात तशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाणं संपायच्या बेताला त्याने आपला कप वर केला. कप भरलेलाच होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि नियमात बसणारी तेवढी एकच खूण होती. मी उठून त्या भरलेल्या कपात आणखी थेंबभर चहा ओतला.

पुढची गाणी आली आणि गेली. रॅप झालं, फिडल झालं, आणखी दोन जाहिराती झाल्या. शेवटी वकिलाने फोन बंद केला आणि आम्ही एक-एक खरी गोष्ट बोललो. वकील म्हणाला, "म्हातारे नाही झाले. मोठे झाले." मी म्हणाले, "खिचडी केलीय नुसती. पण चौथ्या गाण्यासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ करते. ते एक खरं आहे."

"चौथं हिला आवडलं असतं," मित्र म्हणाला.

वहिनी गेल्यापासून त्याच्या तोंडून आपणहून निघालेला हा त्यांचा पहिला उल्लेख. आणि मग तो थांबेना. वहिनी गॅदरिंगला पोरांना क्रेप कागदाचे झगे कसे शिवायच्या, आमचं ऐकणं चालू असताना आत बसून पेपर कसे तपासायच्या, वकिलाच्या वाट्यातली सुकट मुलाने एकदा खाल्ली तेव्हा त्याला कशा ओरडल्या. बोलता बोलता त्याने पाव आणले, अंडी फोडली, आणि आम्हाला आम्लेट करून घातलं. वकिलाने खाल्लं. आम्ही निघालो तेव्हा चादरी घडी घालून खुर्चीवर ठेवलेल्या होत्या. त्या परत स्पीकरवर गेल्या नाहीत, हे मी पुढच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन पाहिलं.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "हिचा पहिला स्मृतिदिन आहे ना, घरीच करतोय. वंदना झाली की मी बोलणार आहे चार शब्द."

"तू?"

"हो, मीच. आणि ते चौथं गाणं लावणार. पण ते मला हिच्या फोनात कुठे सापडत नाहीय गं. लावायचं काम तुझं."

मला इतका आनंद झाला की मी जुने फोटो उडवून फोनमध्ये जागा केली, ते अ‍ॅप घेतलं, आणि जाहिरातींचा वैताग नको म्हणून वर्गणीही भरली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना अल्बम लावला. पहिलंच गाणं वेगळं. त्या दिवशी आम्ही शेवटी शेवटी ऐकलेलं रॅप इथे दुसरं. चौथं म्हणून लागलं ते चर्चच्या बायकांचं. मी कणीक तशीच ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. ती बाई कुठेच नव्हती.

मी आधी अ‍ॅपवाल्यांवर भडकले. पैसे भरून गाणं कमी देतात म्हणजे काय! रागारागात भाचीला फोन लावला. ती कॉलेजात आहे, तिला ह्यातलं कळतं. ती हसायलाच लागली. "मावशी, तुम्ही त्या दिवशी फुकटवालं ऐकलंत. त्यात अल्बम सरळ नाही लागत, उलटासुलटा लागतो. आणि मधेमधे ते आपल्या मनाने दुसरीच गाणी घुसवतात, ज्यांचा त्या अल्बमशी काही संबंध नसतो. स्क्रीनवर दिसतं ना नाव!"

"स्क्रीन पालथा होता," मी म्हणाले.

"का?"

ह्याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं.

"बरं, आणि ते कुठली गाणी घुसवतात ना, ते कशावरून ठरतं माहितेय—"

"मला नकोय ते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मला तेव्हा पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. इतकी वर्षं शेड तपासणारी मी, दुसऱ्याच कुणाच्या मालावर आमच्या बॅण्डचा म्हणून पासचा शिक्का मारून मोकळी झाले होते. वर सांगितलं काय, तर ते एक खरं आहे!

वकिलाला मी नौपाड्यात त्याच्या ऑफिसात गाठलं. सगळं ऐकून तो आधी हसला, मग मित्राचं आठवून त्याने ऑफिसचं दार लोटून घेतलं. "त्याला सांगू नकोस," तो म्हणाला.

"आपला नियम आहे. खरं बोलायचं."

"नियम गाण्याबद्दल खरं बोलायचा आहे. गाणं त्याला आवडलं हे खरं आहे की नाही? मग झालं. कोणाचं गाणं, ह्याने काय फरक पडतो? तिथे जमणाऱ्यांपैकी एकाने तरी आपला बॅण्ड ऐकलाय का?"

"त्याचा मुलगा येणारेय. तो तिथल्या तिथे फोन काढून शोधेल. सगळ्यांसमोर म्हणेल, बाबा, हे त्यांचं नाही. इतक्या दिवसांनी माणूस तोंड उघडणार आणि पहिलंच वाक्य खोटं ठरणार. परत बोलेल तो?"

"आणि तू सांगितलंस तर बोलेल?" वकील म्हणाला. "परत चादर घालेल स्पीकरवर. तुला काय, तू बरोबर ठरशील. तुला बरोबर ठरायला आवडतं."

हे मला लागलं. मी पर्स उचलून निघाले, जिन्यात थांबले, आणि परत वर जाऊन त्याला सांगितलं की तू जन्मभर पैसे घेऊन खोट्याची बाजू मांडलीस म्हणून तुला हे सोपं वाटतं. रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की सांगितल्यावर मित्र परत बोलेल की नाही, हे मलाही माहीत नव्हतं.

कार्यक्रम रविवारी होता. शनिवारी दुपारी मी कल्याणहून रिक्षा करून विठ्ठलवाडीला गेले. रिक्षात तीन वेळा परत फिरावंसं वाटलं. मित्र घरी एकटाच होता. मुलगा रात्रीपर्यंत पोचणार होता. भाड्याच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, वहिनींचा फोटो पुसून टेबलावर ठेवलेला. पांढरा सदरा इस्त्री करून दारामागे टांगलेला. मला पाहून तो खूश झाला.

"बरं झालं आलीस. ऐक, कसं वाटतं सांग." तो फोटोच्या बाजूला उभा राहिला, घसा साफ केला आणि बोलला, "हिला आमचा बॅण्ड कधी आवडला नाही. पण त्यांनी आता एक गाणं केलंय. ह्या एका गाण्यासाठी हिने त्यांना माफ केलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बास. एवढंच. जास्त नाही जमत."

तो तसा उभा असताना, शाळेतल्या पोरासारखा हात सरळ सोडून, मला खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी सांगून टाकलं. अल्बम उलटासुलटा लागला, मधे दुसऱ्यांची गाणी घुसवली, चौथं गाणं आपल्या बॅण्डचं नाही. कोणाचं आहे तेही मला माहीत नाही.

तो खुर्चीवर बसला. मी वाट पाहत राहिले, तो चिडेल म्हणून. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याची नजर स्पीकरकडे गेली.

"आपल्याला कोणालाच कळलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग आहे तरी कोणाचं?"

त्याने टेबलाच्या खणातून वहिनींचा फोन काढला. आम्ही दोघं चष्मे लावून त्यावर वाकलो. त्या रविवारी काय काय वाजलं ते अ‍ॅपमध्ये मागे मागे जात शोधलं. आमच्या बॅण्डची गाणी एकामागून एक दिसली आणि त्यांच्यामध्ये एका बाईचं चित्र आलं, डोक्याला रुमाल बांधलेली, समुद्राजवळ उभी. आफ्रिकेच्या बाजूच्या कुठल्याशा बेटांवरची गायिका होती. तिचं नाव आम्हाला धड वाचता आलं नाही. मित्राने गाण्यावर बोट ठेवलं आणि तोच आवाज खोलीत आला.

गाण्याच्या नावापुढे एक बदाम होता. गाणं आवडलं की दाबायचा असतो तो. भरलेला होता.

"हा तू दाबलास?" मित्राने विचारलं.

"मी फोनला हातही नव्हता लावला. वकिलाने पालथा घातला, तो शेवटपर्यंत पालथाच होता."

"मीही नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या डोक्यात भाचीचं अर्धं तोडलेलं वाक्य होतं, पण ते पुरं केलं मित्रानेच, अगदी हळू. "फोन तिचा आहे ना," तो म्हणाला. "जे ती ऐकायची, तेच लावणार ना तो."

गाणं चालू होतं. ते संपेपर्यंत त्याने फोन खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "केमोला सुई लावली की कानात वायर घालायची. मी बाजूला पेपर वाचत बसायचो. बोटाने पलंगाच्या दांडीवर ठेका धरायची हळूहळू. मला वाटायचं, वंदना ऐकतेय. वाटायचं, ऐकू दे बिचारीला शांतपणे. आयुष्यभर गाणी ऐकली मी, अगं, आणि बाजूला बसून तिला एकदा नाही विचारलं, काय ऐकतेस म्हणून."

मी आत जाऊन चहा टाकला. वहिनींचं पातेलं तिथेच होतं, पालथं घातलेलं. मी बाहेर आले तेव्हा तेच गाणं पुन्हा चालू होतं आणि तो टेबलाच्या कडेवर ठेका धरत होता. तो दांडीवरचा ठेका असा होता का, हे तो आठवून बघत होता बहुधा.

"उद्या माझ्या फोनवरून लावू," मी म्हणाले. "जाहिरात येत नाही त्यात."

"नाही," तो म्हणाला. "तिच्याच फोनवरून."

रविवारी घर भरलं होतं. पांढऱ्या साड्यांतल्या शाळेतल्या बायका, शेजारी, वीज कंपनीतले दोघं-तिघं. मुलगा वडिलांच्या बाजूला उभा होता. वकील माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलंस?" मी हो म्हणाले. त्याने उसासा टाकला आणि खिशातला हातरुमाल काढून मांडीवर ठेवला, तयारी म्हणून.

वंदना झाली. मित्र उठला. त्याने वायर जोडली आणि फोन फोटोच्या पुढ्यात ठेवला, सुलटा, सगळ्यांना स्क्रीन दिसेल असा. वकिलाने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"हिला आमचा बॅण्ड कधी आवडला नाही," मित्र म्हणाला. मग इतका वेळ थांबला की मला वाटलं आता बसेल. "तिचं बरोबर होतं. तिचं गाणं वेगळं होतं. मला काल कळलं. हे घ्या."

लोकांना भाषा कळत नव्हती, पण कुणी कुजबुजलं नाही. मुलाने फोन काढला नाही. तो आईच्या फोटोकडे बघत होता. वकिलाने हातरुमाल वापरला. मीही मग तोच ओढून घेतला. मित्र उभाच होता, फोटोच्या टेबलावर बोटांनी ठेका देत.

गाणं संपलं आणि लागलीच केसांच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. एका बाईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मित्रच हसला, मोठ्याने, आणि सगळं घर हसलं. कार्यक्रम झाला असं समजून लोक उठायला लागले, आत खिरीची भांडी वाजायला लागली. मुलगा फोन बंद करायला पुढे झाला तसा मित्राने त्याचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "बसा सगळे. जाहिरात संपू दे. आता ही पुढचं काय लावते ते बघू."